पन्नास हिरव्या लॅपविंग

गाडीवरचं कापड दुपारी बाराला काढायचं ठरलं होतं. पण गुरुवारीच कुणीतरी माहितीपत्रकाची पानं लॅपविंग-मालकांच्या क्लबच्या संकेतस्थळावर टाकून दिली, आणि शनिवारी सकाळी माणसं मेळाव्याला आली ती आधीच नाकं मुरडत.

"वाचून दाखवू?" जाइल्सने फोन वर धरला.

"नको," फिलिपा म्हणाली. ती चहाच्या तंबूत मेजावरच्या कापडांना चिमटे लावत होती. वारा फार नव्हता, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"एक तरी ऐक. 'आजोबांच्या कोटाला नवी बटणं लावली आणि म्हणे नवा कोट.' आणि हे बघ, 'ओल्डरशॉवाल्यांनी या वेळी वेग वाढवलाय, फक्त किमतीचा.' बरं लिहिलंय गं, खरं सांगायचं तर."

"जाइल्स, मी नको म्हटलं ना?"

"'स्टिकर किती अश्वशक्तीचे?' याला दोनशे अठरा जणांनी अंगठे दिलेत. आपल्या क्लबात दोनशे अठरा जिवंत माणसं आहेत हेच मला माहीत नव्हतं."

फिलिपाला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. धाकटा भाऊ असाच होता. घर जळत असलं तरी आधी ज्वाळांचं कौतुक करणार. आणि ही आग त्याच्याच लेखणीतून निघालेली. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर त्याने लिहिलं होतं : 'लॅपविंग सत्तावीस. शर्यतीच्या गाडीचं काळीज.' चौसष्ट साली आजोबांनी, एडमंड ओल्डरशॉंनी, सत्तावीस नंबरची हिरवी गाडी टेकडीवरच्या चढाईच्या शर्यतीत उतरवली होती. तिच्या साठाव्या वर्षाच्या निमित्ताने पन्नास गाड्या निघणार होत्या. तोच हिरवा रंग, तेच दोन सायरंगी पट्टे, आसनांवर तेच चौकड्यांचं लोकरी कापड, पुढे क्रमांकाची पितळी पट्टी. काळीज मात्र रोजच्या लॅपविंगचंच होतं. इंजिनातला एक स्क्रूसुद्धा बदललेला नव्हता.

"'काळीज' तू लिहिलंस," ती म्हणाली.

"आणि तू सही केलीस, मॅनेजिंग डायरेक्टरबाई."

ते खरंच होतं. तिने वाचलं होतं, खटकलं होतं, आणि तरी सही केली होती. फेब्रुवारीपर्यंत हलकं बॉनेट आणि मोठे ब्रेक बसवायचा विचार होता. मग कळलं की एवढं बदललं तरी सगळ्या सरकारी चाचण्या नव्याने द्याव्या लागतील, त्यात दीड वर्ष जाईल. चौतीस माणसांच्या कारखान्याला दीड वर्ष थांबता येत नाही. रंगाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

कारखान्यामागच्या कुरणात गाड्या एकामागून एक शिरत होत्या. लाल, निळ्या, पिवळ्या, एक बिचारी अजून रंगाआधीच्या अस्तराच्या राखाडीतच. लॅपविंग म्हणजे टिटवी. आणि खरोखरच, लांबून त्यांचा तो चिरका आवाज ऐकला की टेम नदीकाठच्या शेतात टिटव्या उतरल्यासारखं वाटे. त्या गाड्यांमधून काठी टेकत डेस्मंड येत होता. वाटेत दहा जणांनी त्याला थांबवून हात मिळवला. तो सगळ्यांशी बोलला. तंबूपाशी आल्यावर मुलीकडे, फिलिपाकडे, न बघता त्याने बहिणीला विचारलं, "म्युरिएल, चहा झालाय का?"

म्युरिएलने फिलिपाकडे मान करून त्याच्या हातात कप दिला. "पिपने केलाय. तिचे आभार मान."

डेस्मंडने आभार मानले नाहीत. तो कप घेऊन तसाच पुढे गेला.

"गुरुवारपासून एक शब्द नाही," फिलिपा हळूच म्हणाली. "तिकडे घरी तुझ्याशी तरी बोलतात का गं, आत्या?"

"माझ्याशी? माझ्यावर तर जास्तच रागावलाय. या गाडीचं मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं, म्हणून." म्युरिएलने नखातला हिरवा रंग अंगठ्याने खरवडला. एकोणऐंशीव्या वर्षीही पहिल्या गाडीच्या रंगाची मिश्रणं तिनेच करून दिली होती. "तो खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होता तेव्हा तू त्याला सांगायला हवं होतंस, पिप."

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी?"

"मग नंतर."

"नंतर धीर झाला नाही."

"हां," म्युरिएल म्हणाली. "तसंच होतं ते."

*

कापड निघालं तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्या लग्नात दूरच्या नातेवाइकांनी वाजवाव्यात तशा. डेस्मंड पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता. गाडी सुंदर दिसत होती, हे त्याला नाकारता येईना. ढगांतून ऊन आलं की हिरव्याच्या पोटातून काळसर झाक वर येई आणि सावली पडली की नाहीशी होई. पण सुंदर दिसणं हा त्याचा प्रांतच नव्हता. चाळीस वर्षं त्याने इंजिनं केली होती. गाडी दिसते कशी, हे तो नेहमी शेवटी बघे, आणि कधीकधी बघायचं विसरूनही जाई.

बर्नर्ड टॅपसेल उठून पुढे आले. क्लबचे अध्यक्ष, निवृत्त शाळामास्तर, आणि खऱ्या सत्तावीस नंबरच्या गाडीचे मालक. ती गाडी पलीकडे ओकच्या झाडाखाली उभी होती आणि तिच्याभोवती दोरी बांधलेली होती. टॅपसेलांनी खिशातून चष्मा काढला, गाडीजवळच्या फळीवरचा तांत्रिक तक्ता उचलला आणि वर्गात धडा वाचावा तसा वाचायला लागले.

"इंजिन. चालू लॅपविंगप्रमाणे." त्यांनी वर बघितलं. "म्हणजे तेच."

कुणीतरी हसलं.

"ब्रेक. तेच. सस्पेन्शन?"

"तेच!" मागून तिघाचौघांनी साथ दिली.

"गिअरबॉक्स?"

"तेच!"

आता सगळं कुरणच त्यात सामील झालं. दुष्टपणा नव्हता त्यात. जुन्या मित्राची टोपी उडवावी तसं चाललं होतं. पण डेस्मंडने तिरक्या नजरेने पाहिलं, फिलिपा व्यासपीठाच्या कडेला हात मागे बांधून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं गेलं की असेच होत.

"वजन," टॅपसेल म्हणाले, "चारशे ग्रॅमने जास्त. ही पितळी पट्टी असणार." हशा ओसरेपर्यंत ते थांबले. मग चष्मा काढून त्यांनी झाडाखालच्या गाडीकडे हात केला. "मंडळी, ती तिथे उभी आहे ना, ती एका माणसाने शर्यत जिंकायला बनवली होती. ही विकायला बनवलीय. विकण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिच्यावर तिचा नंबर का?" ते डेस्मंडकडे वळले. "मिस्टर ओल्डरशॉ, तुमच्यावर आमचा विश्वास आहे. तुम्ही सांगा. तुम्ही घ्याल ही गाडी?"

सगळ्या माना वळल्या. डेस्मंडला उत्तर टाळता आलं नसतं असं नाही. खुबा दुखतोय म्हणून हसता आलं असतं. 'बायको असती तर तिला विचारलं असतं' म्हणता आलं असतं. पण गुरुवारी संध्याकाळी आपल्याच कारखान्याची बातमी त्याने क्लबच्या पानावर वाचली होती, परक्या माणसासारखी.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही घेणार."

कुरणात कुणी हसलं नाही. फिलिपा व्यासपीठावरून उतरली आणि कारखान्याच्या दाराकडे चालू लागली. पळाली नाही, चालत गेली. ते डेस्मंडला जास्त लागलं.

*

म्युरिएलने तिला बरोबर शोधलं. रंगखोलीत. हे घराणं रडायला नेहमी इथेच येई. थोरला एडमंडसुद्धा. डब्यांच्या मांडणीमागे एक लाकडी बाक होता आणि थिनरच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं असं सांगायची सोय होती.

मागोमाग जाइल्स आला. त्याच्या मागे काठीचा आवाज.

"बारा जणांनी नोंदणी रद्द करायचं विचारलंय," जाइल्स म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती. "डॅड, काय केलंत तुम्ही?"

"मला विचारलं, मी सांगितलं."

"तुम्ही मला घरी सांगू शकला असता," फिलिपा म्हणाली.

"तूही मला घरी सांगू शकली असतीस."

दोघांच्या हनुवट्या एकसारख्या पुढे आल्या होत्या आणि जाइल्स एकाकडून दुसरीकडे बघत राहिला.

"मी खोटं बोलू शकत नाही त्या गाडीबद्दल," डेस्मंड शेवटी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "दुसऱ्या कुठल्याही गाडीबद्दल बोललो असतो, पिप. सत्तावीसबद्दल नाही. मी सोळा वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात कॉव्हेंट्रीला उमेदवारी करत होतो, पेपरात वाचलं की आपल्या बापाने गुपचूप इंजिन बनवलंय आणि मोठमोठ्या कंपन्यांना मागे टाकलंय. त्या दिवशी ठरवलं की हेच करायचं. बाबा गेल्यावर अकरा वर्षं मी त्या इंजिनाचे नकाशे शोधले. माळे शोधले, बँकेतली पेटी शोधली. त्या नावाखाली नुसता रंग विकायचा म्हणजे..."

त्याने वाक्य सोडून दिलं. म्युरिएल बाकावर बसली होती. साठ वर्षं तिने एक गोष्ट पोटात ठेवली होती. ती सांगायला कुणी बंदी केली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं, आणि हळूहळू न सांगण्याचीच सवय झाली. आता भाऊ 'नुसता रंग' म्हणाला आणि तिला वाटलं, पुरे झालं.

"नकाशे नव्हतेच, डेस्मंड," ती म्हणाली.

"माहीत आहे. बाबांनी जाळले असणार."

"नव्हतेच म्हणजे इंजिनच नव्हतं. म्हणजे होतं, बुधवारपर्यंत. बुधवारी दुपारी चाचणीच्या बाकावर फुटलं. पिस्टनचा तुकडा छपरातून बाहेर गेला. शनिवारी शर्यत. पेपरवाल्यांना बोलावून ठेवलेलं. बाबा या इथे बसले होते, मी बसलेय तिथे. मग उठले आणि म्हणाले, म्युरिएल, डॉक्टर हार्बिनची गाडी तयार आहे ना? ती घेऊ."

"हार्बिनची..." डेस्मंडने काठी दोन्ही हातांनी धरली. "ती निळी होती."

"होती. ग्राहकाला द्यायची साधी गाडी. मी ती घासली आणि हिरवी केली. दोन दिवस होते हातात. शर्यतीचा हिरवा मागवायला वेळ नव्हता. बसडेपोतून उरलेला हिरवा आणला, त्यात काळा घातला, थोडा पिवळा घातला. पट्टे मारले, नंबर घातला. बस्स. चालवायला बसलेला पोरगा देवाने घडवलेला होता, आणि दिवस कोरडा होता. पेपरांनी लिहिलं, गुप्त इंजिन. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. डॉक्टरांना पुढच्या महिन्यात दुसरी निळी दिली."

बाहेरून बँडचा आवाज येत होता. गावातल्या पोरांनी तुताऱ्यांवर काहीतरी आनंदी धरलं होतं.

जाइल्स सगळ्यांत आधी भानावर आला. "म्हणजे ती गाडीसुद्धा..." त्याने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे ओकच्या झाडाखाली, दोरीच्या आत जे उभं आहे ते... तेसुद्धा स्टिकरची गाडी? पिप! हे बाहेर जाऊन सांग. आत्ताच्या आत्ता. टॅपसेलचं तोंड कायमचं बंद होईल. आपण जे केलंय ते तंतोतंत आजोबांनी केलं तेच आहे! माहितीपत्रकात एक शब्द बदलायला नको!"

"त्या गाडीची किंमत काय उरेल मग?" म्युरिएलने विचारलं.

"तो त्यांचा प्रश्न आहे."

"टॅपसेल बायकोबरोबर दर रविवारी ती गाडी पुसायचे. बायको गेल्यावर वर्षभर इकडे फिरकले नाहीत. मी हे तुम्हा तिघांना सांगितलं, जाइल्स. कुरणाला नाही."

जाइल्सने बहिणीकडे बघितलं. फिलिपाच्या चेहऱ्यावर मोह स्पष्ट दिसत होता. एक वाक्य, आणि ते 'तेच, तेच' म्हणणारे सगळे गप्प. तिने डोळे मिटले, उघडले.

"डॅड, तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

गेल्या सहा वर्षांत, कारखाना तिच्या हातात आल्यापासून, हा प्रश्न तिने त्याला विचारला नव्हता, हे दोघांनाही एकदमच जाणवलं. डेस्मंड रिकाम्या डब्यावर टेकला. नसलेल्या इंजिनाच्या मागे लागून त्याने अकरा वर्षं घालवली होती, आणि शोधता शोधता स्वतःचं एक बनवलं होतं, जे आज बाहेरच्या बहुतेक गाड्यांत होतं. बापावर चिडावं की त्याचे पाय धरावेत, हे त्याला ठरवता येईना.

"बाबा नाही म्हणाले नाहीत," तो सावकाश म्हणाला. "तिथे त्यांचं चुकलं. रंगात काही चुकलं नाही. तू तेवढं नाही म्हण, पिप. तुझ्यापुरतं. टॅपसेलांचं टॅपसेलांकडे राहू दे."

"नोंदण्या जातील," जाइल्स म्हणाला.

"जातील," फिलिपा म्हणाली आणि उठली. "आत्या, तूही चल माझ्याबरोबर वर."

"मी कशाला? माझा अवतार बघ."

"तसाच हवाय."

*

बक्षिसं वाटायच्या वेळी फिलिपाने माईक घेतला. जाइल्स तंबूच्या खांबाला टेकून उभा होता, हातात सफरचंदाच्या सायडरचा ग्लास, आणि मनातल्या मनात त्याने बहिणीसाठी तीन चांगली वाक्यं रचून ठेवली होती. तिने त्यातलं एकही वापरलं नाही.

"टॅपसेलसाहेबांनी तक्ता वाचला तो बरोबर वाचला," ती म्हणाली. "इंजिन तेच, ब्रेक तेच, सगळं तेच. बदललाय तो फक्त रंग, पट्टे आणि कापड. माहितीपत्रकात मी काळीज वगैरे लिहू दिलं, ते खोटं होतं. ते पान सोमवारपर्यंत काढलेलं असेल. ज्यांनी ते वाचून नाव दिलं असेल त्यांनी नाव मागे घ्या, आम्हाला राग येणार नाही." ती थांबली. "येईल थोडा. पण दाखवणार नाही."

एकदोन जण हसले. मोकळं हसणं होतं ते.

"आता उरला फक्त रंग. ही माझी आत्या, म्युरिएल ओल्डरशॉ. तुम्ही सगळे तिला चहाबरोबर स्कोन देणारी म्हणून ओळखता. तुमच्यातल्या निम्म्यांच्या गाड्यांना तिच्या हातचा रंग आहे. चौसष्ट सालचा हिरवाही तिचाच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी केलेला. डब्यावर त्याचा नंबर नाही, कुठे विकत मिळत नाही, तिच्या वहीत आहे. कुणाला तो रंग आवडत असेल, रंग म्हणून, तर ही गाडी त्याच्यासाठी आहे. दुसऱ्या कुणासाठी नाही."

एवढंच बोलून ती खाली उतरली. जाइल्सला वाटलं, आटपलं सगळं, कुणी टाळीसुद्धा वाजवत नाही. मग मागच्या रांगेतून राखाडी गाडीवाला पोरगेलासा माणूस उठला आणि ओरडला, "मिस ओल्डरशॉ, अस्तरावर घासायला कितीचा पॉलिशपेपर घेऊ?"

"चारशेचा," म्युरिएल माईकपासून लांब उभी राहूनच म्हणाली. "ओला करून. आणि घाई करू नकोस, तिथेच सगळे मार खातात."

मग आणखी एकाने खड्डे भरायच्या लांबीबद्दल विचारलं. एका बाईने विचारलं की जुन्या पिवळ्याला तडे का जातात. अर्ध्या तासाने पाहिलं तर व्यासपीठापाशी कोंडाळं जमलं होतं आणि मध्ये आत्या खुर्चीवर बसून हातवारे करत होती. बक्षिसं वाटायची राहून गेली.

संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी नावं मागे घेतली. बाराचे नऊ झाले, हे जाइल्सला बहिणीला सांगायचं होतं. ती खरकट्या बशा गोळा करत होती. त्याने तिच्या हातातली चळत घेतली.

"पत्रक मी पुन्हा लिहितो," तो म्हणाला. "साधं."

"जमेल तुला?"

"तू सुचव ना मग. तसंही सगळं तूच करतेस."

"बशा पाडू नकोस," फिलिपा म्हणाली. भांडण मिटलं की त्यांच्यात असंच बोलणं होई.

*

कुरण रिकामं होत आलं होतं. म्युरिएल चहाचं मोठं भांडं उपडं करत असताना टॅपसेल समोर येऊन उभे राहिले. हातात टोपी.

"मिस ओल्डरशॉ, दोन मिनिटं येता? माझ्या गाडीपर्यंत."

फिलिपा एक शब्द जास्त बोलली होती; 'रंग तिचाच' एवढं ह्या शाळामास्तरला ओळखायला पुरेसं होतं का? ती एप्रनला हात पुसत त्यांच्यामागे निघाली. ओकच्या झाडाखाली त्यांनी दोरी सोडली, सत्तावीस नंबरच्या गाडीचं डावं दार उघडलं आणि आतला पुठ्ठा अलगद काढून गवतावर ठेवला. त्याचे खिळे आधीच सैल होते. अनेकदा काढलेला असणार.

"हे बघा," ते म्हणाले.

दाराच्या आतल्या पत्र्यावर हिरवा रंग अर्ध्यापर्यंत येऊन थांबला होता. त्याखाली निळा होता.

म्युरिएलने निळ्यावरून बोट फिरवलं.

"त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात मी इंजिनही उघडलं," टॅपसेल म्हणाले. "साधं. कॅमशाफ्टवर साध्या गाडीचा शिक्का. मी तीन दिवस जेवलो नाही. मग बायकोला, डॉरीनला, सांगितलं. ती म्हणाली, मग काय, परत करतोस?" ते हसले, आणि टोपीची कड फिरवत राहिले. "परत कसली करतोय."

"मग आज एवढं सगळं का बोललात?"

"कारण तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, बाई. तुमच्या वडिलांना मी स्वतः भेटलो होतो, विकत घ्यायच्या आधी. विचारलं होतं. ते नुसते हसले. सांगितलं असतं तरी घेतलीच असती. पण पान्याने शोधून काढायला लागलं ते. गुरुवारी पत्रक वाचलं तेव्हा वाटलं, झालं, पुन्हा तेच हसणं." त्यांनी तंबूकडे बघितलं. "तुमच्या भाचीने आज सांगितलं. एवढंच हवं होतं मला."

"तिला माहीत आहे," म्युरिएल म्हणाली. "हिचं. दुपारपासून. तिला तुमचं तोंड बंद करता आलं असतं."

टॅपसेलांनी मान हलवली. मग ते वाकून त्या रंगाची कड बघू लागले.

"इतकी वर्षं मी विचार करतोय, ही रेघ कुणाच्या हातची," ते म्हणाले. "बाहेरून इतकं सफाईदार काम आणि इथे एकदम थांबलेलं. हे असं का?"

म्युरिएल गुडघ्यावर हात ठेवून वाकली. ब्रशाचे केस कुठे टेकले, कुठे उचलले, ते दिसत होतं. ती एकोणीस वर्षांची होती आणि तिला भूक लागली होती, एवढं तिला आठवलं.

"डबा संपला," ती म्हणाली.

टॅपसेल असे खळखळून हसले की तंबूपाशी उभा असलेला डेस्मंड वळला. काठी टेकत तो झाडापाशी आला. त्याला पाहून टॅपसेल ओशाळले, घाईने पुढे झाले आणि म्हणाले, "या, मिस्टर ओल्डरशॉ. बॉनेट उघडू का? तुम्हाला इंजिन बघायचं असेल."

"इंजिन नको," डेस्मंड म्हणाला. त्याने काठी गाडीला टेकून ठेवली आणि बहिणीच्या शेजारी, दुखऱ्या खुब्यासकट, हळूहळू गवतावर बसला. "सरक जरा, म्युरिएल. मलाही दाखव."